पायाच्या दवाखान्यासाठी खुर्ची घेताना काय पाहावे?

आमचा यवतमाळ जिल्हा कापसाचा. इथला शेतकरी, शेतमजूर आणि हमाल वर्षातले बरेच दिवस अनवाणी किंवा साध्या स्लीपरवर वावरतो. पऱ्हाटी उपटल्यावर रानात धसकटे राहतात, तुराटीचे खुंट राहतात, धुऱ्यावर बाभळीचे काटे असतात. काटा रुतला की माणूस कळवळतो, बसून तो काढतो आणि कामाला लागतो. मात्र ज्याला शुगरची बीमारी जुनी झाली आहे, त्याच्या पायाला काटा रुतल्याचे कळतच नाही. चार दिवसांनी चपलेवर डाग दिसतो, आठ दिवसांनी वास येतो, आणि मग यवतमाळचे सरकारी इस्पितळ, सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर अशी धावपळ सुरू होते. कधी बोट जाते, कधी पाय जातो. हमालाचा पाय गेला म्हणजे घराची रोजी गेली.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. मधुमेहामुळे जे पाय कापावे लागतात, त्यांपैकी बहुतेकांची सुरुवात पायावरच्या एका लहानशा जखमेने झालेली असते. ती जखम वेळेवर दिसली, साफ झाली आणि तिच्यावरचा दाब काढला, तर पुष्कळ पाय वाचतात. म्हणूनच पायाचा दवाखाना ही आता मोठ्या शहरांपुरती चैनीची गोष्ट राहिलेली नाही. पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, आर्णी, वणी यांसारख्या गावांत जमाती आणि ट्रस्ट जे माफक फीचे दवाखाने चालवतात किंवा चालवू पाहतात, त्यांनी आठवड्यातून एक दिवस जरी पायासाठी ठेवला तरी मोठे काम होईल.

असा दवाखाना काढायचा तर सर्वांत मोठी खरेदी रुग्णाला बसवण्याच्या खुर्चीची असते. ही खुर्ची कशी पारखावी, हे व्यापारी आणि कारागीर बांधवांना समजेल अशा भाषेत आम्ही येथे मांडत आहोत. डॉक्टरी सल्ला देण्याचा आमचा अधिकार नाही. तो डॉक्टरांनीच द्यावा. पण लोकांच्या पैशाने माल घेताना काय बघावे, हा प्रश्न आपल्या धंद्यातला आहे.

आधी काम समजून घ्या

अल-जहरावी या कॉर्डोबाच्या मुस्लिम शल्यवैद्याने सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात दोनशेच्या आसपास हत्यारांच्या आकृत्या काढून ठेवल्या. प्रत्येक हत्याराचा आकार त्याच्या कामावरून ठरलेला आहे. खुर्चीचेही तसेच आहे. आधी काम पाहावे, मग खुर्ची.

पायाच्या दवाखान्यात साधारण चार कामे होतात. पहिले, तपासणी. तळव्याला नायलॉनचा एक बारीक तंतू टेकवतात; तो १० ग्रॅम दाबावर वाकतो. तो टेकल्याचे रुग्णाला कळले नाही, तर पाय बधिर झाला असे समजतात. रुग्णाने डोळे मिटलेले असतात आणि डॉक्टरला तळव्याचा प्रत्येक भाग समोर दिसावा लागतो. दुसरे, रक्तप्रवाह पाहणे. घोट्याजवळचा रक्तदाब लहान डॉप्लर यंत्राने मोजतात आणि तो मोजताना रुग्ण सपाट झोपलेला लागतो. तिसरे, घट्टे, कुरूप आणि वाढलेली नखे कोरून काढणे. हे धारदार पात्याचे काम आहे. हात स्थिर हवा आणि उजेड भरपूर हवा. चौथे, जखम धुणे, साफ करणे व पट्टी बांधणे. यात पाणी, औषध आणि रक्त सांडते.

या चार कामांतून खुर्चीच्या चार अटी निघतात. तळवा डॉक्टरच्या डोळ्यांसमोर आला पाहिजे. पाठ पूर्ण सपाट झाली पाहिजे. हालचाल न होता पाय टेकला पाहिजे. आणि सांडलेले सर्व पुसून निघाले पाहिजे. बाकी जे काही विक्रेता सांगेल, ते या चारांच्या नंतर.

जुन्या खुर्चीवर भागेल का?

कमिटीत कोणीतरी हमखास म्हणतो, डॉक्टरची जुनी खुर्ची स्वस्तात मिळते, तीच घेऊ. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीचा सारा थाट डोक्याच्या बाजूला असतो. पायाकडचा भाग एकसंध असतो, बसण्याची जागा फार वर जात नाही, आणि दातांचा डॉक्टर डोक्याशी बसतो म्हणून पायाकडे गुडघे घालायला जागा ठेवलेली नसते. सलूनची खुर्ची वर-खाली होते, फिरते, मागेही झुकते; पण पाय खालीच लोंबत राहतात. मौजेची गोष्ट म्हणजे शुल्काच्या वर्गवारीत दवाखान्याचे फर्निचर आणि सलूनच्या खुर्च्या ९४०२ या एकाच शीर्षाखाली येतात. कागदावर त्या शेजारी असल्या तरी कामाला वेगळ्या आहेत.

दवाखान्यातला लोखंडी तपासणी पलंग स्वस्त आणि मजबूत असतो, पण तो उंच असतो. त्यावर चढण्यासाठी पायरीचे स्टूल ठेवतात. ज्याच्या तळव्याला पायरी लागल्याचे कळत नाही, अशा वृद्धाला त्या स्टुलावर चढवणे म्हणजे पाय वाचवायला आणून कंबर मोडणे होय. शिवाय डॉक्टरला तासन् तास वाकून काम करावे लागते, आणि पाठ दुखली की पाहणी उरकती होते.

तरीही पैसा अगदीच थोडा असेल, तर काम थांबवू नये. हात असलेली भक्कम खुर्ची, पोटरीखाली गादी लावलेला वेगळा टेकू, डॉक्टरसाठी कमी-जास्त उंचीचे स्टूल आणि चांगला दिवा एवढ्यावर नुसती तपासणी सुरू करता येते. नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांचा ज्यात पुढाकार होता, त्या 'स्टेप बाय स्टेप' उपक्रमात या शतकाच्या पहिल्या दशकात भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि टांझानियातील डॉक्टर व परिचारिका यांना पायाच्या निगेचे शिक्षण दिले गेले. त्यातून घेण्यासारखा धडा असा, की शिकलेले हात आधी आणि सामान नंतर. परिचारिका शिकलेली नसेल, तर महागडी खुर्ची ही फक्त बसायची जागा.

उंची : खाली किती, वर किती?

विक्रेता खुर्ची किती वर जाते ते अभिमानाने सांगतो. आपण आधी विचारावे, खाली किती येते? बसण्याची जागा जमिनीपासून १८ ते २० इंचांपर्यंत खाली आली पाहिजे. म्हातारी बाई टेकू न घेता बसेल आणि पाय जमिनीला टेकवून उठेल, अशी ती उंची आहे. चाकाच्या खुर्चीतून आलेल्या रुग्णाला सरकवून घेण्यालाही हीच उंची लागते. त्यासाठी खुर्चीचे हात वर उचलले जावेत किंवा काढता यावेत. हात पक्के जडलेले असतील, तर सरकवणे अशक्य होते.

वर जाताना हिशेब डॉक्टरच्या कोपराचा. स्टुलावर बसलेल्या डॉक्टरचे गुडघे खुर्चीच्या पायाकडील भागाखाली जावेत आणि रुग्णाचा तळवा कोपराच्या थोडा वर यावा. बसण्याची जागा ३० इंचांच्या आसपास गेली, तर बहुतेकांचे काम होते. उभे राहून पट्टी बांधणाऱ्यांना आणखी उंची लागते. ज्या डॉक्टरने व परिचारिकेने तिथे काम करायचे आहे, त्यांना सोबत नेऊन बसवून बघावे. कपड्याचे माप अंगावर घेतात तसे खुर्चीचे माप कामावर घ्यावे.

पायाचा टेकू

दोन पायांसाठी दोन वेगळे टेकू असलेली खुर्ची उत्तम. एक पाय वर आणि दुसरा खाली ठेवता येतो, दोन्ही पायांमध्ये डॉक्टरला जागा मिळते. आणखी एक फायदा आपल्या भगिनींसाठी आहे, त्याबद्दल पुढे लिहू. टेकू लांबीला कमी-जास्त होणारा हवा, कारण उंच माणूस आणि ठेंगणी बाई एकाच खुर्चीवर बसणार आहेत.

येथे एक बारकावा आहे. टेकू पोटरीला आधार देऊन घोट्याच्या अलीकडे संपला पाहिजे. टाच टेकूच्या कडेवर दाबली जाऊ नये. निरोगी माणसाची टाच दुखते आणि तो पाय हलवतो. बधिर पायाचा माणूस अर्धा तास तसाच बसतो आणि दाबाने त्याच टाचेला नवी जखम होऊ शकते. आमच्या वणीला लागून असलेल्या वरोऱ्याला १९४९ पासून महारोगी सेवा समितीचे काम चालते. कुष्ठरोगात न दुखणारी जखम कशी वाढते, हे या भागातल्या जुन्या माणसांनी पाहिलेले आहे. मधुमेहातल्या बधिर पायाची गत तीच आहे. दुखत नाही म्हणून वाढते. त्यामुळे टेकूची कड गोल, मऊ आणि शिवणीशिवाय असावी.

टेकूखाली सरकणारी स्टीलची थाळी असावी. कोरलेली कातडी, नखे आणि धुण्याचे पाणी तिच्यात पडते. ती काढून धुता येत नसेल, तर नसलेलीच बरी.

वजन आणि तोल

खुर्ची किती वजन पेलते हे कागदावर लिहून घ्यावे. १५० किलोपेक्षा कमी असलेली घेऊ नये. मधुमेहाचे पुष्कळ रुग्ण वजनदार असतात. पण वजनापेक्षा तोल महत्त्वाचा. रुग्ण उतरताना मध्यावरून उठत नाही. तो सरकत पायाकडच्या टोकावर येतो आणि तिथे सारे वजन टाकतो. हलक्या बुडाची खुर्ची त्याच क्षणी पुढे उलटते. घेण्याआधी आपल्यातल्या सर्वांत जाड माणसाला टेकूच्या टोकावर बसवून बघावे. मागची बाजू उचलली गेली, तर ती खुर्ची तिथेच सोडावी.

चाके असतील तर ती सर्व एकाच पेडलने अडकली पाहिजेत. पात्याचे काम चालू असताना खुर्ची अर्धा इंच सरकली तरी घात होतो.

रुग्णाला घेरी आली, शुगर उतरली किंवा रक्त पाहून तो घाबरला, तर एका हालचालीत पाठ सपाट आणि पाय वर झाले पाहिजेत. ही हालचाल किती सेकंदांत होते, ते घड्याळ लावून बघावे.

वीज की तेल?

वर-खाली करण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक विजेच्या मोटरचा, दुसरा पायाने दाबायच्या तेलाच्या पंपाचा, म्हणजे हायड्रॉलिक. पाठ झुकवण्यासाठी अनेक खुर्च्यांत गॅस स्प्रिंग असते.

विजेची खुर्ची सुळकन हलते, झटके देत नाही, परिचारिकेला जोर लावावा लागत नाही. बटण हाताने न दाबता पायाने दाबता येते, त्यामुळे हातमोजे खराब होत नाहीत. रोज वीस-पंचवीस रुग्ण असतील तर हीच योग्य. पण आमच्याकडे तालुक्याच्या गावी वीज जाते, दाब कमी-जास्त होतो. म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : रुग्ण वर असताना वीज गेली तर तो खाली कसा येईल? आत बॅटरी आहे का, किंवा हाताने उतरवण्याची कळ आहे का? त्याने उत्तर तोंडी देऊ नये. प्लग काढून, माणूस बसवून, खाली आणून दाखवावे. स्टॅबिलायझर आणि पक्के अर्थिंग यांचा खर्च खुर्चीच्या किमतीत धरूनच हिशेब करावा. विजेच्या वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६०६०१-१ हे मानक आहे. त्याचा दाखला मागावा.

तेलाच्या खुर्चीला विजेची गरज नाही. ती सावकाश चढते, पंप मारताना थोडा झटका बसतो, आणि काही वर्षांनी सील झिजून तेल गळते. पण सील ही साधी वस्तू आहे. त्या मापाचे सील मिळत असेल, तर जॅक दुरुस्त करणारा कारागीर ते बदलू शकतो. विजेच्या खुर्चीची मोटर किंवा सर्किट बिघडले तर नागपूरहून माणूस येईपर्यंत दवाखाना बंद.

आमचे मत असे : तालुक्याच्या लहान दवाखान्याला तेलावर उंची आणि गॅस स्प्रिंगवर पाठ ही जोडी पुरते. जिल्ह्याच्या ठिकाणी, रोजची गर्दी आणि जवळ दुरुस्तीची सोय असेल, तर विजेची घ्यावी.

कापड आणि फोम : येथे फसगत होते

हा विषय आमच्या रोजच्या धंद्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. खुर्चीचा सांगाडा पंधरा वर्षे टिकतो आणि आवरण दोन वर्षांत फाटते, असे चित्र पुष्कळ ठिकाणी दिसते. आवरण फाटले की पाणी, पू आणि औषध फोममध्ये उतरते. फोम पुसता येत नाही. मग एका रुग्णाची घाण दुसऱ्याच्या जखमेखाली राहते. जखमा बऱ्या करायला काढलेल्या जागेतच जखमा चिघळू लागतात.

ज्याला आपण सरसकट रेक्झिन म्हणतो, त्यात दोन वेगळे माल आहेत. एक पीव्हीसीचा थर दिलेले कापड, दुसरे पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा थर दिलेले. हलक्या प्रतीचे पीयू हाताला मऊ लागते आणि चामड्यासारखे दिसते, पण दमट हवेत काही वर्षांनी त्याचे पापुद्रे सुटतात. घरातल्या सोफ्यावर हे सर्वांनी पाहिलेले आहे. पीव्हीसी पाण्याला आणि ब्लीचच्या औषधाला चांगले टिकते. त्याचा दुश्मन स्पिरिट आहे. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेले असते. वारंवार स्पिरिटने पुसल्यास ते निघून जाते, कापड कडक होते आणि घडीवर तडकते. म्हणून कोणत्या औषधाने पुसायचे हे आधी डॉक्टरांना विचारावे आणि ते औषध चालते असे बनवणाऱ्याकडून लेखी घ्यावे.

पाठीमागचे अस्तर उलटून बघावे. विणलेल्या, म्हणजे होजिअरीसारख्या अस्तराचे कापड ताणले जाते आणि गोल कोपऱ्यावर सुरकुती न पडता बसते. ताणा-बाण्याच्या घट्ट अस्तराचे कापड सपाट जागी चांगले, पण कोपऱ्यावर त्याला चुण्या पडतात आणि चुणीतच ते आधी फाटते.

नमुन्याचा तुकडा मागून घरी तीन परीक्षा कराव्यात. पहिली, घट्ट घडी घालून नखाने दाबा. पांढरी रेघ उमटून राहिली तर थर कच्चा. दुसरी, दवाखान्यात जे औषध वापरणार त्यात भिजवलेला कापूस दहा मिनिटे ठेवा, पुसा, आणि असे आठ दिवस रोज करा. रंग उडाला किंवा चिकटपणा आला तर माल नापास. तिसरी, शिवलेल्या तुकड्यावर पाणी ओतून खाली कागद ठेवा. कागद ओला झाला तर शिवणीतून पाणी जाते.

शिवण हेच खरे छिद्र. सुई गेली तिथे वाट झाली. म्हणून पायाच्या टेकूवर शिवण नसावी; असलीच तर खालच्या अंगाला असावी. शोभेची पाइपिंग, गुंड्या आणि चौकटी शिवलेली गादी दवाखान्यात नको, कारण मळ तिथेच बसतो. आवरण स्क्रूने किंवा वेलक्रोने निघणारे असावे.

रंगाबद्दल एक शब्द. मळ दिसू नये म्हणून लोक गडद तपकिरी किंवा काळा रंग निवडतात. दवाखान्यात उलटे आहे. मळ दिसलाच पाहिजे. फिकट हिरवा किंवा फिकट निळा घ्यावा. रक्ताचा थेंब दिसेल तर पुसला जाईल.

फोम चांगल्या घनतेचा असावा. आपले गादीवाले ज्याला चाळीस डेन्सिटी म्हणतात त्याच्या खाली जाऊ नये. अंगठा दाबून सोडल्यावर तो लगेच भरून आला पाहिजे. हलका फोम वर्षभरात बसतो आणि खालची फळी टोचू लागते.

खुर्चीवर प्रत्येक रुग्णासाठी धुतलेली चादर घालावी. त्यासाठी मांजरपाट उत्तम. गरम पाण्यात उकळता येतो, फाटला तर पट्टी होते. कापसाच्या जिल्ह्यात हे कापड महाग पडू नये. ब्लीचच्या औषधाने पुसल्यावर साध्या पाण्याचा हात मात्र फिरवावा, नाहीतर खालचे लोखंड आणि क्रोम गंजते.

जागा आणि पर्दा

सपाट केलेली खुर्ची सहा फुटांच्या आसपास जागा घेते. पायाशी डॉक्टरचे स्टूल आणि थाळीसाठी आणखी तीन फूट. दहा फूट बाय दहा फुटांपेक्षा लहान खोली कामाची नाही. खोली तळमजल्यावर असावी. दरवाजा तीन फुटांचा असावा आणि उंबऱ्याऐवजी उतार असावा. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे उताराचे प्रमाण चाकाच्या खुर्चीसाठी योग्य मानतात.

खुर्चीचे पायाकडचे टोक दरवाजाकडे ठेवू नये. आपल्या भगिनी पाय दाखवायला संकोचतात, दुखणे लपवतात आणि उशीर होतो. दोन वेगळे टेकू असले तर एकच पाय वर घ्यावा लागतो आणि गुडघ्यावर चादर राहते. पडदा आणि स्त्री परिचारिका यांची तजवीज खुर्चीइतकीच जरुरीची आहे.

आपल्याकडे दिवसातून पाच वेळा वजूसाठी पाय धुतला जातो. म्हणजे पाच वेळा पाय पाहण्याची संधी मिळते. परिचारिकेने रुग्णाला खुर्चीवर बसवूनच दाखवावे, की वजूनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि तळवा आरशात बघावा. नमाजच्या बैठकीने घोट्याच्या बाहेरच्या अंगाला जो घट्टा पडतो, तोही डॉक्टरला दाखवावा.

हिशेब आणि अमानत

आता पैशाचे पाहू. पुढील आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हेत. समजा एक खुर्ची १ लाख रुपयांची आहे आणि सात वर्षे चालते. दुरुस्तीला वर्षाला ५ हजार धरले तर एकूण १ लाख ३५ हजार. रोज दहा रुग्ण, वर्षाला तीनशे दिवस, तर सात वर्षांत २१ हजार रुग्ण. एका रुग्णामागे साडेसहा रुपयांच्या आत खर्च. दुसरी खुर्ची ४० हजारांची, पण दोन वर्षांत निकामी. तिच्यावर ६ हजार रुग्ण, म्हणजे रुग्णामागे पावणेसात रुपयांच्या आसपास, आणि दर दोन वर्षांनी चंदा मागायला पुन्हा दारोदार. स्वस्त कोणती, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

उलट बाजूही पाहावी. आठवड्यातून एकच दिवस दवाखाना चालणार असेल, तर मोटरवाली महाग खुर्ची सहा दिवस धूळ खाईल. तिथे साधी तेलाची घेऊन उरलेला पैसा परिचारिकेच्या शिक्षणावर आणि डॉप्लर यंत्रावर लावावा.

पैसा कोणत्या खात्यातून द्यायचा हेही आधी ठरवावे. हनफी उलेमांच्या मते जकातीची रक्कम गरजू माणसाच्या मालकीची करून दिली तरच जकात अदा होते. दवाखान्याच्या खुर्चीचा मालक कोणी गरजू नसतो. म्हणून खुर्चीसाठी लिल्लाह, नफली सदका किंवा वक्फची रक्कम वेगळी जमवावी, आणि शंका असेल तर मुफ्तीसाहेबांना विचारून लेखी उत्तर फाइलीत ठेवावे. जकातीतून गरीब रुग्णाच्या हाती औषधासाठी किंवा चपलेसाठी रक्कम देता येते; ते खाते निराळे.

कमीत कमी तीन कोटेशन घ्यावीत. प्रत्येकात किंमत, कर, वाहतूक, बसवणी, हमीची मुदत, दुरुस्तीला येण्याचे भाडे आणि सुट्या भागांचे दर वेगवेगळे लिहून मागावेत. नवीन आवरणाचा दर आजच विचारावा, कारण ते लागणारच आहे. कमिटीतल्या कोणाच्या नातेवाइकाचे दुकान असेल, तर त्याने निर्णयाच्या वेळी बाजूला बसावे. बिल ट्रस्टच्या नावाने असावे. ही अमानत आहे.

आपल्या कारागिरांसाठी

या कामात आपल्या रेक्झिनवाल्याला, वेल्डरला, सुताराला आणि चपला करणाऱ्याला हलाल रोजी आहे. आवरणाचा फर्मा पहिल्याच दिवशी कागदावर उतरवून ठेवावा, म्हणजे पुढचे आवरण गावातच शिवता येईल. डॉक्टरचे स्टूल, पडद्याची चौकट, थाळीची गाडी, दिव्याचा स्टँड ही कामे इथे होऊ शकतात. चपला करणाऱ्यांनी मायक्रोसेल्युलर रबराचे काम शिकावे. वेल्लोर भागात डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांसाठी या मऊ रबराच्या चपलांचा प्रसार केला. आज मधुमेहाच्या पायालाही त्या लागतात.

एक इशारा मात्र द्यायला हवा. खुर्चीच्या मुख्य सांगाड्याला किंवा पंपाच्या दांड्याला बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय वेल्डिंग करू नये, आणि विजेच्या भागाला हात लावू नये. तसेच १ एप्रिल २०२० पासून देशातील सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली असून त्यांना 'वैद्यकीय उपकरण नियम, २०१७' लागू आहेत. गवसणी शिवणे किंवा स्टूल बनवणे वेगळे, आणि तयार खुर्ची वैद्यकीय उपकरण म्हणून आपल्या नावाने विकणे वेगळे. तो धंदा करायचा असेल तर आपला माल कोणत्या वर्गात येतो आणि कोणती नोंदणी लागते, हे जाणकाराकडून समजून घेऊनच पाऊल टाकावे.

खरेदीच्या दिवशी

शेवटी, दुकानात जाताना पाच माणसे न्यावीत : काम करणारा डॉक्टर, परिचारिका, एक वृद्ध, एक वजनदार माणूस आणि एक कारागीर. वृद्धाला विनाआधार बसवून उठवा. वजनदाराला टोकावर बसवा. डॉक्टरला स्टुलावर बसवून तळवा नीट दिसतो का विचारा. पाठ सपाट करा. प्लग काढून खाली आणा. आवरण एकदा काढून पुन्हा चढवा. कारागिराला खाली वाकून जोड, नटबोल्ट आणि रंग बघू द्या. यात दोन तास जातील. विक्रेता कंटाळला तर कंटाळू द्या.

ज्या खुर्चीवर म्हातारा माणूस न घाबरता बसतो आणि ज्या खुर्चीवर त्याचा तळवा डॉक्टरला पूर्ण दिसतो, ती चांगली खुर्ची. चकाकी, परदेशी नाव आणि बटणांची संख्या यांच्यावर पैसे घालू नयेत. ज्या जमातींपाशी दवाखाना आहे त्यांनी येत्या बैठकीत हा विषय जरूर घ्यावा. एका मजुराचा पाय वाचला तर एका घराची चूल वाचते, आणि इन्शाअल्लाह, देणाऱ्यांच्या खात्यात तो सदका-ए-जारिया म्हणून जमा होत राहील.